"तो ठेकेदाराचा विषय आहे" : बिलावर सही करणाऱ्यांची जबाबदारी

शेवंती

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं वाचते आहे, लिहिते क्वचित. गेल्या आठवड्यात बहिणीकडे गेले होते. तिच्या गल्लीत पहाटे झाडायला येणाऱ्या बाईंशी बोलणं झालं. दोन महिन्यांचा पगार थकलाय, आणि बँकेचं कार्ड मुकादमाकडे असतं, असं त्या म्हणाल्या. इतकं सहज म्हणाल्या, जणू कार्ड मुकादमाकडेच असायचं असतं. त्या रात्री मला झोप लागली नाही. म्हणून हा धागा.

मी एका नगरपरिषदेच्या लेखा विभागात सव्वीस वर्षं काढली. ठेकेदारांची बिलं माझ्या टेबलावरून जायची. रस्ते झाडणं, गटारसफाई, घंटागाडी, पहारेकरी, संगणकावर बसणारी मुलं, सगळं ठेक्यावर. बिलाला काय जोडायचं ते ठरलेलं होतं: हजेरीपत्रक, पगारपत्रक, पीएफचं चलन, ईएसआयचं (कामगार विमा योजनेचं) चलन आणि आरोग्य निरीक्षकाचा 'काम समाधानकारक' असा दाखला. कागद आहे ना, मग टिक कर आणि फाइल पुढे सरकव. मला असंच शिकवलं होतं आणि मीही कित्येक वर्षं तसंच केलं.

२०१३ चा मार्च. झाडूकामाच्या ठेक्याची तीन महिन्यांची बिलं एकदम आली. मार्चअखेर म्हणजे काय घाई असते ते सरकारी नोकरीतल्यांना सांगायला नको. डिसेंबर आणि जानेवारीच्या चलनांच्या झेरॉक्स योगायोगाने शेजारी पडल्या होत्या. महिना वेगळा, रक्कम तीच. चलनावर टीआरआरएन म्हणून एक लांबलचक क्रमांक छापून येतो, तो शेवटच्या आकड्यापर्यंत एकच. जानेवारीच्या कागदावर महिन्याच्या भोवती बारीक करडी चौकट दिसत होती. पांढरी शाई लावून वर लिहिलं आणि मग झेरॉक्स काढली की कडा उमटते, तशी.

मग मी ईसीआर मागवला. ईसीआर म्हणजे त्या चलनामागची नावनिशी यादी, कुणाच्या खात्यात किती भरले त्याची. हजेरीपत्रकावर ६२ नावं होती, ईसीआरमध्ये ३८. पगारपत्रकात पीएफची १२ टक्के कपात मात्र ६२ जणांची दाखवलेली. म्हणजे २४ बायकांच्या पगारातून पैसे कापले होते आणि ते कुठेच भरले नव्हते.

त्याच पगारपत्रकाच्या तळाशी शिक्का होता, 'वेतन वाटप माझ्या समक्ष झाले', खाली आरोग्य निरीक्षकांची सही. तेव्हाच्या कंत्राटी कामगार कायद्याप्रमाणे पगार वाटताना कार्यालयाचा माणूस हजर राहून तसं प्रमाणित करायचा. निरीक्षक त्या दिवशी तालुक्याला मीटिंगला होते, हे मला माहीत होतं, कारण त्यांचं प्रवासभत्त्याचं बिलही माझ्याच टेबलावर होतं.

मी त्यांना जाऊन विचारलं. ते वाईट माणूस नव्हते. पुराच्या वेळी तीन रात्री घरी न जाता काम केलेलं मी पाहिलं होतं. त्यांनी चहा मागवला आणि शांतपणे म्हणाले, "बाई, तो ठेकेदाराचा विषय आहे. आपण पैसे ठेकेदाराला देतो, कामगारांना नाही."

मी त्रुटी काढली आणि बिल परत पाठवलं. मनात म्हटलं, आपण आपलं काम केलं.

बारा दिवसांनी पाच-सहा बायका लेखा विभागात आल्या. एकीने झाडू दाराबाहेर भिंतीला टेकवला, चपला काढल्या आणि आत येऊन म्हणाली, "बाई, तुम्ही बिल अडवलं म्हणतात. किराणावाला उधार देईना झालाय." ठेकेदाराने त्यांना माझं नाव सांगितलं होतं. माझं टेबल नक्की कुठलं तेही.

मी त्यांना काय उत्तर दिलं ते मला आठवत नाही. काही तरी गुळमुळीत बोलले असेन. त्या रात्री मात्र मी कायदा पहिल्यांदा नीट वाचला. सव्वीसपैकी अठरा वर्षं नोकरी झाल्यावर. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याचं कलम २१, पोटकलम ४: ठेकेदाराने पगार दिला नाही किंवा कमी दिला तर मूळ मालकाने तो पुरा द्यायचा आणि ठेकेदाराच्या देण्यातून वळता करून घ्यायचा. मूळ मालक म्हणजे आम्ही. नगरपरिषद. माझं बिल परत पाठवणं बरोबर होतं, पण अर्धंच होतं.

टिपणी लिहिली. मुख्याधिकाऱ्यांच्या सहीला सतरा दिवस लागले. पगार थेट कामगारांना दिला आणि ठेकेदाराच्या बिलातून कापला. पीएफची रक्कम अनामतीतून वसूल करायला आणखी वर्ष गेलं आणि तीही पुरी झाली नाही.

पुढच्या वर्षी निविदा निघाली. ठेका त्याच ठेकेदाराच्या साडूला मिळाला. बायका त्याच, मुकादम तोच, कागदावर मात्र सगळ्या जणी नवीन लागलेल्या. दहा वर्षं तोच रस्ता झाडणारीची नोकरी पुन्हा एक दिवसाची.

मला इथल्या लोकांना विचारायचंय, तुमच्या कार्यालयात हे कसं चालतं? आणि कुणी हे बदललेलं पाहिलंय का?

---

कायदेकानू

शेवंतीताई, मी कामगार न्यायालयात वकिली करतो. थोडी भर घालतो.

१९७० चा कायदा आता व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत सामावला गेलाय. ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तुम्ही सांगितलेली जबाबदारी तिथेही आहे: ठेकेदाराने पगार बुडवला तर मूळ मालक देणार. पीएफचंही तसंच, ठेकेदाराच्या माणसांच्या वर्गणीची अंतिम जबाबदारी मूळ मालकावरच. ईएसआय कायद्यात तर मूळ मालकाने आधी भरायचं आणि मग ठेकेदाराकडून वसूल करायचं अशी रचना होती. त्यामुळे 'तो ठेकेदाराचा विषय आहे' हे वाक्य कायद्यात कुठेच बसत नाही.

फरक पडलाय तो पगारवाटपाला समक्ष हजर राहण्यात. पूर्वी पगारवाटपाला कार्यालयाचा माणूस समक्ष लागायचा. आता ठेकेदाराने बँकेतून पगार द्यायचा आणि किती दिला ते मूळ मालकाला कळवायचं. हेतू चांगला आहे. पण तुमच्या बहिणीच्या गल्लीतल्या बाईंचं कार्ड मुकादमाकडे आहे. बँकेच्या नोंदीत पूर्ण पगार जमा दिसणार आणि एटीएमसमोर मुकादम उभा राहणार. अशी चार प्रकरणं माझ्याकडे आहेत. चारही ठिकाणी पगाराच्या दिवशी, एकाच एटीएममधून, काही मिनिटांच्या अंतराने वीस-पंचवीस खात्यांतून सारखीच रक्कम निघालेली आहे. बँकेचं स्टेटमेंट हातात आलं की हे लहान मुलालाही दिसतं. पण ते स्टेटमेंट मागणारं कार्यालय मी अजून पाहिलेलं नाही.

---

गिरणगावकर

मुंबईचं उदाहरण या धाग्यावर यायलाच हवं. कचरा वाहतूक श्रमिक संघाने महापालिकेच्या २७०० कंत्राटी सफाई कामगारांचा लढा वर्षानुवर्षं लढवला. संघटनेचं म्हणणं होतं की ठेक्याचे मुद्दाम छोटे छोटे तुकडे पाडलेत, म्हणजे एका ठेकेदाराकडे वीसपेक्षा कमी माणसं दिसतील आणि १९७० चा कायदाच लागू होणार नाही. औद्योगिक न्यायाधिकरणाने २०१४ मध्ये कंत्राट नुसता देखावा आहे असं ठरवलं, आणि एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कामगारांना कायम करण्याच्या बाजूने निकाल दिला.

पण त्यानंतर काय झालं ते ऐका. बऱ्याच जणांची प्रकरणं नावाच्या स्पेलिंगवरून अडली. यादीत एक, आधारवर दुसरं. ज्या हजेरीवह्या कधी कुणी नीट लिहिल्याच नव्हत्या, त्याच वह्या पुरावा म्हणून मागितल्या गेल्या. नाव चुकीचं लिहिणारा मुकादम ठेकेदाराचा, त्या वहीवर सही पालिकेच्या माणसाची आणि भोगणार कोण, तर झाडणारा. शेवंतीताईंचा ६२ आणि ३८ चा हिशोब वाचून मला हेच आठवलं. कागद नीट ठेवणं हे कारकुनी काम वाटतं, पण त्या एका ओळीवर कुणाचं तरी पेन्शन असतं.

---

मातीचा_माणूस

मी ठेकेदार आहे. सरकारी रुग्णालयांच्या सफाईचे दोन ठेके माझ्याकडे आहेत. शिव्या पडतील हे माहीत असून लिहितो, कारण चर्चा प्रामाणिक वाटली.

माझी माणसं ८४. किमान वेतन दर १ जानेवारी आणि १ जुलैला विशेष भत्त्याने वाढतं. ते मला द्यावंच लागतं आणि मी देतो. पण वाढीव दराने बिल मंजूर व्हायला कार्यालयाला सहा-सात महिने लागतात. सध्या माझी पाच महिन्यांची बिलं थकलीत. पगार ७ तारखेच्या आत द्यायचा, कायदा तसाच आहे. मग ओव्हरड्राफ्ट काढतो, बायकोचे दागिने गहाण ठेवलेत. २०२५ मध्ये बांधकामाच्या ठेकेदारांनी थकलेल्या बिलांसाठी राज्यभर आंदोलनं केली, त्याच्या बातम्या तरी आल्या. सफाईच्या ठेकेदाराला कोण विचारतो?

आता दुसरी बाजू, तीही सांगतो. मनुष्यबळाच्या निविदेत वेतन, पीएफ, ईएसआय ठरलेलं असतं, स्पर्धा फक्त सेवाशुल्काची, म्हणजे ठेकेदाराच्या स्वतःच्या वाट्याची. लोक शून्याला चिकटून दर भरायचे. म्हणून केंद्राने ३.८५ टक्के किमान ठरवून दिलं, तरी राज्याच्या कितीतरी कार्यालयांत आजही शून्याच्या जवळचे दर येतात आणि मंजूरही होतात. निविदा समितीतल्या एकाही माणसाला विचारावंसं वाटत नाही, की शंभर माणसांचा ठेका फुकट चालवणारा हा जेवतो काय? उत्तर सगळ्यांना ठाऊक असतं. नोकरीला लावताना माणशी घेतलेले पैसे, गणवेशाचे कापलेले पैसे, न भरलेला पीएफ, हजेरीवर असलेली पण जागेवर नसलेली माणसं. सर्वांत कमी दराला सही करणाऱ्याने ही चोरीच मंजूर केलेली असते. मी त्या दराला उतरू शकत नाही म्हणून गेल्या तीन वर्षांत चार ठेके हरलो.

---

शेवंती

मातीचा माणूस, तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत. शिव्या कशाला पडतील? तुमच्यासारख्यांची बिलं माझ्याच टेबलासारख्या टेबलांवर पडून असतात. आमच्याकडे बिल उशिरा काढायला कारण लागायचं नाही, वेळेवर काढायला लागायचं. 'एवढी घाई का?' असं वरून विचारलं जायचं. ज्याचं बिल तीन दिवसांत निघालं त्याच्याबद्दलच संशय. त्यामुळे सरळ चालणारा ठेकेदार हळूहळू बाहेर पडतो आणि वाट बघायची ताकद ज्याच्याकडे असते तो राहतो. ती ताकद येते कुठून, ते तुम्ही सांगितलंच.

---

पेठेतला

मला थोडं वेगळं म्हणायचंय, राग मानू नका. मी नियमित कर भरतो. आमच्या वॉर्डात कायम सफाई कामगार आहेत, त्यातले काही स्वतः येत नाहीत. महिन्याला थोडे पैसे देऊन आपल्या जागी दुसऱ्याला पाठवतात. ठेकेदाराची माणसं निदान दिसतात तरी. सगळ्यांना कायम केलं की काम होईल, याला आधार काय?

---

शेवंती

राग कसला, खरंच आहे ते. पण बघा, त्या कायम कामगाराच्या जागी राबणारा माणूस कोण असतो? तोही एक ठेक्यावरचाच, फक्त ठेकेदार सरकारी पगारावर आहे. त्या खोट्या हजेरीवरही कुणीतरी रोज सही करतो. तुमच्या वॉर्डातला निरीक्षक आणि माझ्या फाइलमधला निरीक्षक एकाच प्रकारे सही करत होते. मी सगळ्यांना कायम करा असं म्हटलेलं नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की ज्याने 'समक्ष' असं लिहिलं तो समक्ष होता का, हे कुणीतरी विचारावं.

---

कायदेकानू

पेठेतला यांच्या मुद्द्यावर कायद्याची स्थिती: ठेका बेकायदा ठरला म्हणून कामगार आपोआप कायम होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये स्टील अथॉरिटीच्या खटल्यात घटनापीठाकडून स्पष्ट केलंय. प्रत्येक वेळी ठेका खरा की देखावा हे पुराव्याने सिद्ध करावं लागतं. नव्या संहितेत मुख्य कामासाठी कंत्राटी कामगार लावायला मनाई आहे, पण सफाई आणि पहारा ही कामं साधारणपणे 'मुख्य' धरलेली नाहीत. आस्थापना त्याच कामासाठी असेल तर गोष्ट वेगळी. शहर साफ ठेवणं हे नगरपरिषदेचं कायद्याने बंधनकारक कर्तव्य आहे. मग ते तिचं मुख्य काम नाही असं कसं म्हणणार? माझ्या मते यावर पुढची दहा वर्षं खटले चालतील.

---

रातराणी

पगाराबद्दल सगळे बोलताय, मी कामाच्या जागेबद्दल बोलते. एका जिल्हास्तरीय कार्यालयात मी सात वर्षं कंत्राटी डेटा एन्ट्रीला होते. शेजारच्या टेबलावरच्या कायम मॅडम आणि मी, काम तेच. त्यांचं नाव हजेरीत, माझं 'एजन्सी ३' च्या खाली. साहेब मला नावाने कधीच हाक मारायचे नाहीत. "एजन्सीवाली कुठाय?" सात वर्षं. दिवाळीत डबे वाटायचे ते कायम लोकांना. हळदीकुंकवाला मात्र वर्गणी माझ्याकडूनही.

तिथल्या एका वरिष्ठाने मला त्रास द्यायला सुरुवात केली. मी धीर करून तक्रार लिहिली. कार्यालयाने सांगितलं, तू आमची कर्मचारी नाहीस, एजन्सीकडे जा. एजन्सीचा माणूस म्हणाला, घटना त्यांच्या कार्यालयात घडली, मी काय करू? पुढच्या महिन्यात मुदतवाढीच्या यादीत माझं नाव नव्हतं.

नंतर कळलं की कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात ठेकेदारामार्फत काम करणारी बाईही 'कर्मचारी'च धरली आहे आणि त्या कार्यालयाच्या अंतर्गत समितीला माझी तक्रार घ्यावीच लागली असती. समितीचा फलक आमच्या जिन्यात लावलेला होता. मी रोज त्याच्याखालून वर जायचे. तो माझ्यासाठीही आहे असं मला कुणी सांगितलं नाही, आणि माझंही तसं वाटायचं धाडस झालं नाही.

---

गिरणगावकर

रातराणी, तुमचं लिहिणं वाचून थांबलो थोडा वेळ. तुम्ही हे इथे लिहिलंत, आणखी कुणीतरी तो फलक आता वेगळ्या नजरेने वाचेल.

---

डोंगरवाट

माहितीच्या अधिकाराचा माझा अनुभव सांगतो. आमच्या गावच्या ठेक्यासाठी मी चार गोष्टी मागितल्या: एका ठरावीक महिन्याचं हजेरीपत्रक, पगारपत्रक, त्याच महिन्याचा ईसीआर आणि अदा केलेलं बिल. पहिलं उत्तर आलं, त्रयस्थ व्यक्तीची वैयक्तिक माहिती, देता येत नाही. अपिलात मी कलम १० दाखवलं. खाते क्रमांक आणि यूएएन (कामगाराचा पीएफचा क्रमांक) झाका, बाकीचं द्या. तसं मिळालं. तीन महिने मागू नका, एकच मागा. कागद कमी लागतात आणि नकार द्यायला निमित्त राहत नाही. मग हजेरीतली नावं मोजा आणि ईसीआरमधली मोजा. एवढंच. आमच्याकडे ११ चा फरक निघाला. तो कागद घेऊन मी आधी वर्तमानपत्राकडे गेलो असतो तर कामगारांची नोकरी गेली असती. आधी कामगारांना दाखवला, मग त्यांनी ठरवलं ते केलं.

आणि गटारात उतरणाऱ्यांबद्दल एक. सर्वोच्च न्यायालयाने २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालात गटारात मृत्यू झाला तर ३० लाख भरपाई ठरवली. ठेकेदाराचा माणूस असला तरी सरकारी यंत्रणेला हात झटकता येत नाहीत. तुमच्या गावात कुणी दोर न बांधता उतरताना दिसला तर त्याच वेळी फोटो काढून मुख्याधिकाऱ्यांना पाठवा. नंतर पाठवण्याला अर्थ नसतो.

---

सावली

पहिल्यांदाच लिहितेय. माझी आई एका महापालिकेत ठेक्यावर झाडूकाम करते, २०१८ पासून. ठेकेदार तीन झाले. आईला पीएफबद्दल विचारलं तर म्हणते, कापतात गं, मिळेल म्हातारपणी. यूएएन काय ते तिला माहीत नाही. मी बारावीला आहे. मला हे कसं बघता येईल? आईची नोकरी जाणार नाही ना?

---

शेवंती

सावली बाळा, बघितल्याने नोकरी जात नाही, कारण ते ठेकेदाराला कळतच नाही. आईच्या मोबाइलवर सरकारचं उमंग अॅप घे, त्यात ईपीएफओ (पीएफचं कार्यालय) शोध. आईच्या आधारला जोडलेला मोबाइल नंबर चालू असायला हवा, त्यावर ओटीपी येतो. यूएएन सापडला की पासबुक उघड. त्यात महिन्यावार नोंद असते. आईच्या पगाराच्या चिठ्ठ्या असतील तर शेजारी घेऊन बस आणि महिना लावून बघ. आधी नुसतं बघ आणि वहीत लिहून ठेव. तक्रारीचं नंतर. आणि आईचं एटीएम कार्ड कुणाकडे आहे, तेवढं हळूच विचार.

---

कायदेकानू

सावली, एकापेक्षा जास्त यूएएन निघाले तरी घाबरू नकोस. ठेकेदार बदलला की नवीन काढतात. सगळे लिहून घे. तक्रार करायची वेळ आली तर एकटीच्या नावाने करू नका, निरोप टाक. फी वगैरेचा प्रश्न नाही.

---

सावली

काल रात्री बसलो. दोन यूएएन निघाले. एकात आईचं नाव बरोबर आहे, दुसऱ्यात आडनाव चुकलंय आणि जन्मसाल १९९९ लिहिलंय, म्हणजे आई माझ्यापेक्षा आठ-नऊ वर्षांनीच मोठी. दोन्ही मिळून ३१ महिन्यांची वर्गणी दिसते. बाकीच्या महिन्यांची काहीच नाही. आईने पगाराच्या चिठ्ठ्या पिठाच्या डब्यामागे पिशवीत जपून ठेवल्या होत्या, ५८ मिळाल्या. सगळ्यांवर कपात आहे. कार्ड आईकडेच आहे.

आई बराच वेळ वहीकडे बघत होती. मग म्हणाली, आमच्या हजेरी कोठीवरच्या बाकी अकरा जणींचं पण बघशील का? रविवारी सगळ्या आमच्याकडे येणार आहेत, आधार आणि मोबाइल घेऊन. डोंगरवाट काका, ईसीआर मागायचा तो अर्ज कसा लिहायचा, नमुना द्याल का?

---

डोंगरवाट

आज संध्याकाळपर्यंत इथेच टाकतो. महिना कुठला मागायचा तो मात्र रविवारी तुमच्या बायकांनाच ठरवू दे. ज्या महिन्याच्या चिठ्ठ्या बाराही जणींकडे आहेत, तो घ्या.